थोरली पाती, धाकटी पाती : गोल्फच्या टोल्यात पवित्रा आणि लय

२०१६च्या डिसेंबरात दिल्ली गोल्फ क्लबच्या मैदानावर मुकेश कुमार यांनी पॅनासोनिक ओपन जिंकली, तेव्हा त्यांचं वय ५१ होतं. एशियन टूरवरचं पहिलं विजेतेपद इतक्या उशिरा मिळवणारा खेळाडू त्याआधी झाला नव्हता. देशातल्या स्पर्धा मात्र त्यांनी तोवर शंभरावर जिंकल्या होत्या. हे मुकेश कुमार महूचे. देवासहून निघून इंदूर ओलांडलं की महू, आणि महूपलीकडे पीथमपूर लागलं की धार जिल्हा. आमच्या माळव्यात गोल्फ म्हटलं की आधी महूच्या छावणीचं नाव येतं, ते उगाच नाही.

दिल्लीचं ते मैदान झाडाझुडपांचं. फेअरवे अरुंद, दोन्ही अंगांना दाट झाडी. लांब पण वाकडा गेलेला चेंडू तिथं सरळ झुडपात जातो. पन्नाशीनंतर कंबर विशीइतकी वळत नाही, खांदे तेवढे फिरत नाहीत, मनगटांतला चटका कमी होतो. तरीही एखाद्याचा टोला नेमका राहतो. शरीर बदललं आणि टोला टिकला, तर मग टिकलं ते नेमकं काय? गेली शंभरेक वर्षं गोल्फ शिकवणारे, त्यावर पुस्तकं लिहिणारे आणि अलीकडे प्रयोगशाळांत मोजमापं करणारे याच प्रश्नाभोवती फिरत आहेत.

देवासच्या माणसाला दोन गाद्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंपासून एकाच गावात दोन राज्यं झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि १९४८मध्ये मध्यभारतात विलीन होईपर्यंत माताजीच्या टेकडीखाली दोन दरबार नांदले. गोल्फच्या शिकवणीतही अशाच दोन पाती आहेत. एक म्हणते, शरीराची ठेवण नीट करा. पाय, गुडघे, कंबर, खांदे, मनगट प्रत्येक क्षणी जागच्या जागी असू द्या, टोला आपोआप बसेल. दुसरी म्हणते, ठेवणीचं सोडा. लय धरा, क्लबला झुलू द्या, शरीर आपली जागा शोधून घेईल. कुस्तीत आणि दांडपट्ट्यात उभं राहण्याच्या ढबीला आपण पवित्रा म्हणतो. तोच शब्द घेऊन विचारायचं तर पवित्रा थोरला की लय थोरली?

मला या वादात एक बाजू घ्यायची आहे, ती आधीच सांगतो. स्थिर उभ्या असलेल्या शरीराला पवित्रा शिकवता येतो आणि शिकवलाच पाहिजे. एकदा क्लब हलला की पवित्रा शिकवता येत नाही, तिथं फक्त क्रम शिकवता येतो. आणि आपण ज्याला टायमिंग म्हणतो ते या क्रमाचंच फळ असतं. हौशी खेळाडूंची वर्षंच्या वर्षं वाया जातात ती बहुधा हा भेद न केल्यानं.

आधी चेंडूपाशी काय घडतं ते पाहू. गोल्फचा चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा आणि कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा. अव्वल पुरुष व्यावसायिकाच्या ड्रायव्हरचं, म्हणजे लांब टोल्याच्या क्लबचं, डोकं ताशी १८० किलोमीटरच्या आसपास वेगानं येतं. क्लब आणि चेंडू एकमेकांना चिकटून असतात ते सुमारे अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. तेवढ्या अवधीत क्लबचं तोंड कुठं होतं, क्लब कुठल्या वाटेनं येत होता, किती वेगानं आणि तोंडाच्या कुठल्या बिंदूवर टोला बसला, एवढंच चेंडूला कळतं. तुमची कोपरं सरळ होती की वाकडी, याची त्याला दखल नसते. तोंड एका अंशानं चुकलं तर दोनशे मीटरवर निव्वळ भूमितीनंच साडेतीन मीटरचा फरक पडतो, आणि चेंडूला मिळणाऱ्या तिरक्या फिरकीनं तो आणखी वाढतो.

इथंच एक जुना समज मोडीत निघाला आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. पूर्वी शिकवत असत की चेंडू क्लबच्या वाटेनं निघतो आणि मग तोंडाच्या दिशेनं वळतो. थिओडोर जॉर्गेनसेन या भौतिकशास्त्रज्ञाचं पुस्तक १९९४मध्ये आलं. पुढं २००३पासून डेन्मार्कच्या ट्रॅकमॅन कंपनीचे रडार मैदानांवर आले, आणि चित्र जवळजवळ उलटं झालं. चेंडू निघतो तो मुख्यतः तोंडाच्या दिशेनं. आयर्नला साधारण तीन चतुर्थांश, ड्रायव्हरला त्याहूनही जास्त. मग तो वळतो तो तोंड आणि वाट यांच्यात जितकी तफावत असेल तितका. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडं निघून उजवीकडं वळत असेल, तर तोंड लक्ष्याच्या डावीकडं होतं आणि वाट त्याहूनही डावीकडं होती. ज्याला एवढं वाचता येतं त्याला निम्मं शिक्षण चेंडूच देतो. उजवीकडं वळणाऱ्या चेंडूवर उपाय म्हणून जाणून-बुजून आणखी डावीकडं उभं राहणारे लोक मी पाहिलेत. तसं करून ते वाट आणखी डावीकडं नेतात आणि वळण वाढवतात.

आता पवित्र्याची पाती. तिचा सर्वांत मोठा ग्रंथ म्हणजे बेन होगनचं १९५७चं पुस्तक, पाच पाठांचं. अँथनी रॅव्हिएलीनं काढलेली त्यातली चित्रं अजून शिकवणीच्या भिंतींवर दिसतात. त्यातलं सर्वांत गाजलेलं चित्र म्हणजे खांद्यांवर टेकून चेंडूपर्यंत तिरकी उतरणारी काच. क्लब वर नेताना ती काच फुटता कामा नये. होगन स्वतः थोर खेळाडू होता. १९४९मध्ये त्याची मोटार बसवर आदळली, तो पुन्हा चालेल का याचीच शंका होती, आणि पुढच्याच वर्षी त्यानं यूएस ओपन जिंकली. अशा माणसाचा शब्द प्रमाण मानला गेला यात नवल नाही. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. होगनचा आयुष्यभराचा शत्रू हुक होता, म्हणजे डावीकडं झपकन वळणारा चेंडू. त्याची पकड, मनगटाची ठेवण, कमरेचा जोर हे सगळं हुक टाळण्यासाठी शोधलेलं आहे. बहुतेक हौशी खेळाडूंचा रोग नेमका उलटा, स्लाइस. ज्याचा चेंडू आधीच उजवीकडं पळतो त्यानं हुकवरचं औषध घेतलं तर आजार बळावणारच.

या पातीचा खरा विजय म्हणायचा तर निक फाल्डोचा. १९८०च्या दशकाच्या मध्याला, चांगला खेळत असतानाच, त्यानं डेव्हिड लेडबेटर या शिक्षकाकडं जाऊन आपला स्विंग पायापासून मोडून पुन्हा बांधायला घेतला. दोनेक वर्षं निकाल हलाखीचे होते. १९८७मध्ये म्यूरफील्डला त्यानं ब्रिटिश ओपन जिंकली. शेवटच्या दिवशी अठराच्या अठरा होल पारमध्ये. पवित्रा बदलून खेळ सुधारतो याचा यापेक्षा मोठा पुरावा नको. पण दिवसाला शेकडो चेंडू मारणाऱ्या, पूर्णवेळ खेळणाऱ्या माणसालाही दोन वर्षं लागली. देवासच्या कारखान्यातून सुटून रविवारी सकाळी महू गाठणाऱ्याला त्या वाटेनं किती वर्षं लागतील, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

लयीच्या पातीचा आद्य पुरुष अर्नेस्ट जोन्स. इंग्लंडचा व्यावसायिक खेळाडू. पहिल्या महायुद्धात १९१६मध्ये त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. एका पायावर उभा राहून तो पुन्हा खेळू लागला तेव्हा चेंडू पूर्वीसारखाच जातोय हे त्याच्या ध्यानात आलं. भार इकडून तिकडं नेणं, डावा-उजवा गुडघा, टाचा, हे सारं पुस्तकातलं ज्ञान त्याच्या शरीराला लागूच नव्हतं. त्यातून त्यानं एकच सूत्र काढलं, क्लबचं डोकं झुलवा. नंतर अमेरिकेत तो न्यूयॉर्कच्या एका खोलीत शिकवत असे. रुमालाच्या टोकाला चाकू बांधून तो झुलवून दाखवायचा. रुमाल ओढला, ढकलला, झटका दिला तर चाकू भरकटतो. झुलवला तरच रुमाल ताठ राहतो. त्याची शिष्या व्हर्जिनिया व्हॅन वी हिनं १९३२ ते १९३४ अशी सलग तीन वर्षं अमेरिकेची महिला हौशी स्पर्धा जिंकली.

ही लय मोजता येते का? जॉन नोव्होसेलनं अव्वल खेळाडूंच्या चित्रफिती चौकट-चौकट मोजल्या आणि २००४मध्ये पुस्तक लिहिलं. सेकंदाला तीस चौकटींच्या फितीत वर जायला २१ चौकटी तर खाली यायला ७, कुणाला २४ आणि ८, कुणाला २७ आणि ९. खेळाडू सावकाश असो की चपळ, प्रमाण तिनाला एक. येल विद्यापीठात रॉबर्ट ग्रोबर आणि जेसेक चोलेविकी यांनीही व्यावसायिकांच्या लयीचा अभ्यास केला, त्यांनाही हेच प्रमाण दिसलं. हौशी खेळाडूंना वाटतं की मोठ्या खेळाडूंचा स्विंग संथ असतो. संथ काही नसतो, वर जाणंही पाऊण सेकंदात उरकतं. आपली घाई दिसते ती प्रमाण मोडल्यामुळं.

कुमार गंधर्व ज्या गावात १९४८पासून अखेरपर्यंत राहिले त्या गावात वाढलेल्या माणसाला हे प्रमाण ऐकून तीनताल आठवल्याशिवाय राहत नाही. एका विभागाचे चार बोल घ्या : धा धिं धिं धा. पहिल्या 'धा'वर क्लब हलवा, चौथ्या बोलावर तो माथ्याशी पोचू द्या आणि पुढच्या विभागाच्या 'धा'वर चेंडूला भेटा. सेकंदाला चार मात्रा धरल्या तर वर जायला पाऊण सेकंद आणि खाली यायला पाव सेकंद. प्रमाण तंतोतंत जुळतं. वेग कमी-जास्त करा, लय द्रुत करा की जरा उतरवा, प्रमाण हलत नाही. मी हे वर्षभर करून पाहिलंय आणि मला तरी परदेशी ठोक्यांच्या यंत्रापेक्षा हे जवळचं वाटतं, कारण समेवर यायचं म्हणजे काय हे आमच्या कानांना लहानपणापासून ठाऊक असतं. पटिंगला आणि ग्रीनजवळच्या छोट्या टोल्यांना मात्र दोनाला एक हे प्रमाण धरतात.

तरी लय म्हणजे केवळ कानाचा मामला, असंही मानू नये. हरियाणाची दीक्षा डागर जन्मापासून श्रवणबाधित आहे, डाव्या हातानं खेळते, आणि सैन्याधिकारी वडिलांकडून हा खेळ शिकली. २०१९मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तिनं दक्षिण आफ्रिकेची महिला ओपन जिंकली. लय तळपायांतून आणि तळव्यांतूनही कळते.

मग प्रत्येक वेळी शरीर त्याच त्या जागांवरून जात असतं का? याचं उत्तर गोल्फच्या बाहेर, लोहाराच्या ऐरणीवर मिळालं. १९२०च्या दशकात मॉस्कोत निकोलाय बर्नस्टाइन या शास्त्रज्ञानं छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या अंगाला दिवे बांधून त्यांच्या हालचाली टिपल्या. हातोड्याचं टोक दर वेळी जवळजवळ त्याच जागी पडत होतं. पण खांदा, कोपर, मनगट यांच्या वाटा दर घावाला थोड्या वेगळ्या होत्या. एका सांध्यातली उणीव दुसरा सांधा भरून काढत होता. माळव्यात सडकेच्या कडेला गाडिया लोहारांचे तळ पडतात, तिथं हे रोज पाहायला मिळतं. पुरुष सांडशीत तापलं लोखंड धरून बसलेला असतो आणि बाई उभी राहून घण घालते. तिचे पाय कधी इथं कधी तिथं, जमीन उंचसखल, पदर सावरायचा, तरी घण लोखंडावर जिथं पडायचा तिथंच पडतो. तिच्या एखाद्या घावाचा फोटो काढून "खांदा असाच हवा" म्हणून कुणाला शिकवायला गेलो, तर काहीच हाती लागणार नाही.

जिम फ्युरिकचा स्विंग याच जातीचा. वर जाताना क्लब उभा चढतो, माथ्यावर एक वळसा घेतो आणि दुसऱ्याच वाटेनं उतरतो. कुठल्याही पुस्तकातल्या चित्राशी तो जुळत नाही. तो त्याला वडिलांनी शिकवला आणि वडिलांनी तो मोडू दिला नाही. फ्युरिकनं २००३ची यूएस ओपन जिंकली. आपल्याकडं कोलकात्याचा एस. एस. पी. चौरसिया हे याहून जवळचं उदाहरण. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या हिरवळीची निगा राखणाऱ्याचा मुलगा, बघून-बघून स्वतःच शिकलेला. त्यानं २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकली. त्याच्या बऱ्याच आधी, १९९१मध्ये, दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेला अली शेर ती स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक ठरला होता. मैदानावर वाढलेल्या या पोरांना पवित्र्याची चित्रं कुणी दाखवली नव्हती. दिवसभर दुसऱ्यांचे स्विंग पाहणं आणि हाती येईल त्या क्लबनं चेंडू मारणं, एवढीच त्यांची शाळा.

एवढं वाचून लयीची पातीच थोरली ठरली असं वाटेल. मला तसं वाटत नाही. फ्युरिकचा वळसा कितीही वेडावाकडा असो, खाली येताना त्याच्या शरीराचा क्रम कुठल्याही अव्वल खेळाडूसारखाच असतो. हा क्रमच या विषयाचा गाभा आहे.

गोफण फिरवणारा शेतकरी आठवा. दगड सुटण्याआधीच्या क्षणी त्याचा हात जवळजवळ थांबतो, आणि त्या थांबण्यानंच गोफणीच्या टोकाला वेग मिळतो. १९६८मध्ये ब्रिटनमधल्या गोल्फ सोसायटीच्या अभ्यासातून कॉक्रन आणि स्टॉब्स यांचं पुस्तक आलं. त्यात स्विंगचं प्रतिमान म्हणून एकाला एक जोडलेले दोन लंबक मांडले आहेत. खांद्यापासून हात हा एक, मनगटापासून क्लब हा दुसरा. पुढं अंगावर संवेदक लावून मोजमापं झाली तेव्हा साखळी आणखी लांब दिसली. खाली येताना आधी कटी कमाल वेग गाठते आणि मंदावते, मग छाती, मग हात, शेवटी क्लब. प्रत्येक भाग थांबताना आपला वेग पुढच्याला देऊन जातो. त्याहूनही आधी पाय. क्लब अजून वर जात असतानाच, माथ्याला पोचण्यापूर्वी, दाब पुढच्या पायाकडं सरकायला लागलेला असतो. म्हणजे काही क्षण शरीराचा वरचा भाग मागं चाललेला असतो आणि खालचा पुढं निघालेला असतो. जे लोक "वर जा, थांब, मग खाली ये" असं शिकवतात, ते ही साखळी मधेच तोडतात.

हौशी खेळाडूचा स्लाइस बहुधा इथंच जन्मतो. चेंडू दिसतो, मारायची ऊर्मी हातांत आणि उजव्या खांद्यात येते, कमरेच्या आधी खांदे फिरतात, क्लब बाहेर फेकला जातो आणि बाहेरून आत असा चेंडूवर आडवा येतो. वाट डावीकडं गेली, तोंड त्या मानानं उघडं राहिलं, चेंडू उजवीकडं वळला. आता त्याच्या स्विंगचा खाली येतानाचा फोटो काढून "उजवं कोपर बरगडीशी आण" असं सांगितलं, तर ते बरोबरच असतं, पण निरुपयोगी असतं. खाली यायला पाव सेकंद लागतो. एखादी गोष्ट कळून तिला उत्तर द्यायला माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. सूचना पोचेपर्यंत चेंडू गेलेला असतो. कोपर बाहेर गेलं ते खांदे आधी निघाले म्हणून. क्रम सुधारला की कोपर न सांगता बरगडीशी येतं.

इंदूरच्या परिसरातला माणूस गोल्फकडं येतो तो क्रिकेटमधून. होळकर संघानं चार वेळा रणजी करंडक जिंकला तो हा मुलूख. मुश्ताक अलींनी १९३६मध्ये मँचेस्टरला ११२ धावा केल्या, परदेशातलं भारतीयाचं ते पहिलं कसोटी शतक. चेंडूपर्यंत धावत जाऊन त्याला वेळेवर भेटण्याचं त्यांचं कसब अजून इथं सांगतात. पण क्रिकेटचं टायमिंग आणि गोल्फचं टायमिंग या दोन वेगळ्या चिजा आहेत. फलंदाजाला वेळ गोलंदाज देतो. त्यानं फक्त त्या वेळेशी जुळवून घ्यायचं. गोल्फचा चेंडू स्थिर असतो, तो कुठलीच वेळ देत नाही. ती आपल्यातूनच उभी करावी लागते. शिवाय सरळ बॅटचा फटका उभ्या पातळीत जातो, गोल्फचा क्लब तिरप्या ताटासारख्या पातळीत फिरतो. म्हणून चांगला फलंदाज पहिल्या दिवशी चेंडू लांब मारतो आणि पुढचे सहा महिने तो उजवीकडंच मारतो. त्यापेक्षा विटीदांडूची सवय मला जास्त कामाची वाटते. उडवलेल्या विटीला टोला मारताना मनगट सैल ठेवावं लागतं, हे तिथं आपोआप कळलेलं असतं.

आता स्थिर पवित्रा. इथं मी होगनच्या बाजूचा आहे, पूर्ण आणि आग्रहानं. चेंडूपाशी उभं राहताना वेळेची घाई नसते, सगळं डोळ्यांसमोर असतं, सुधारणा लगेच करता येते, आणि तरी बहुतेक लोक तिथंच ढिले असतात. पकड तळव्यात गेली की मनगट अडकतं. डाव्या हाताची पकड बोटांत हवी. वाकायचं ते कमरेतून पाठ गोल करून नव्हे, तर खुब्याच्या सांध्यातून; पाठ सरळ राहिली तरच ती वळते. भार तळपायाच्या मध्यावर. हात खांद्यांखाली सहज लोंबलेले. चेंडू ड्रायव्हरला पुढच्या पायाच्या टाचेसमोर, छोट्या आयर्नला पायांच्या मधोमध. पाय, कंबर आणि खांदे यांची रेषा लक्ष्याच्या रेषेला समांतर, आगगाडीच्या रुळांसारखी. हे शेवटचं सर्वांत जास्त चुकतं. उजव्या हाताचे बहुतेक खेळाडू नकळत लक्ष्याच्या उजवीकडं तोंड करून उभे राहतात. मग चेंडू सरळ आणायला खांदे आधी फिरवावे लागतात, आणि ज्याला आपण टायमिंगचा दोष समजतो तो पायांच्या रेषेतून आलेला असतो. जमिनीवर दोन काठ्या ठेवून उभं राहण्याचा कंटाळा करू नये.

मी चाळिशी ओलांडून या खेळात आलो. पहिल्या शिक्षकांनी मला दोन वर्षं एकच सांगितलं, डोकं खाली ठेव. मी ठेवलं, आणि मान, खांदा, कंबर सगळं धरून बसलं. नंतर आनिका सोरेनस्टॅम आणि डेव्हिड डुव्हल या नामवंत व्यावसायिकांचे स्विंग पाहिले. चेंडूला क्लब लागतो त्या क्षणी त्यांचं डोकं लक्ष्याकडं वळायला लागलेलंही असतं. डोकं उचलल्यानं टोला बिघडतो असं आपण म्हणतो, पण बहुधा आधी क्रम बिघडलेला असतो आणि शरीर सावरायला धडपडतं, त्यात डोकंही उचललं जातं. परिणामालाच कारण समजण्याची ही चूक गोल्फच्या शिकवणीत फार खोलवर रुजली आहे.

कमरेबद्दल थोडं स्पष्ट बोललं पाहिजे, कारण गोल्फपटूंच्या दुखापतींत तिचा क्रमांक वरचा आहे. १९९०च्या दशकात कटी कमी आणि खांदे जास्त फिरवून पिळाची ताकद साठवण्याची शिकवण फार गाजली. विशीतल्या लवचीक व्यावसायिकाला ती झेपते. संगणकासमोर आठ तास बसणाऱ्या पन्नाशीच्या माणसानं कटी धरून खांदे पिळायला घेतले तर सगळा ताण मणक्याच्या खालच्या भागावर येतो. बॉबी जोन्स आणि जॅक निकलस वर जाताना डावी टाच बेधडक उचलत. टाच उचलली की कटी मोकळी फिरते आणि मणक्याची सुटका होते. पावलं थोडी बाहेर वळवून उभं राहिलं तरी हाच लाभ होतो. वय झालेल्यांना हा बदल मी पहिला सुचवीन.

क्रम शिकवायचा कसा, याची साधनं जुनी आणि साधी आहेत. पाय जुळवून उभं राहून अर्धा स्विंग करा. हातांनी जोर लावला तर तोल जातो, म्हणून शरीर आपोआप क्रम धरतं. दुसरं, पाय जुळवून सुरुवात करा आणि क्लब माथ्याकडं जात असतानाच पुढचा पाय लक्ष्याकडं टाका. पाय आधी, क्लब नंतर, हे अंगात मुरतं. तिसरं, क्लब उलटा धरून दांड्याकडून फिरवा आणि 'सूं' असा आवाज कुठं येतो ते ऐका. लाठी फिरवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. आवाज चेंडूच्या जागेआधी, उजव्या पायापाशी आला तर वेग आधीच सांडला. तो चेंडूच्या पुढं यायला हवा. या तिन्ही गोष्टी गच्चीवर, चेंडूशिवाय होतात. देवासमध्ये राहणाऱ्याला त्याचाच आधार आहे.

माळव्याची काळी माती यात आपला वाटा घेते. मे महिन्यात ती दगड होते, चेंडूच्या जरा मागं क्लब टेकला की उसळतो आणि चेंडूच्या माथ्यावर आदळतो. पावसाळ्यात तीच पाय धरून ठेवते, नाहीतर सटकवते, आणि जमिनीवर रेटा दिल्याशिवाय कटी फिरत नाही. पावसात पाय थोडे जवळ, क्लब एक पायरी लांब पल्ल्याचा आणि जोर पाऊणच ठेवला तर क्रम शाबूत राहतो.

शिकणाऱ्याचं लक्ष कुठं असावं, यावर गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांचा १९९९चा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. कधीही गोल्फ न खेळलेल्यांना छोटा टोला शिकवला. एका गटाला हातांच्या झुलण्याकडं लक्ष द्यायला सांगितलं, दुसऱ्याला क्लबच्या झुलण्याकडं. क्लबकडं लक्ष देणारे जास्त अचूक ठरले, शिकताना आणि नंतर घेतलेल्या चाचणीतही. अर्नेस्ट जोन्स रुमाल आणि चाकू घेऊन जे सांगत होता तेच हे. त्यानंतरच्या बऱ्याच अभ्यासांतही कौल याच बाजूनं पडत आला आहे. म्हणून शिक्षकानं "मनगट वळव" म्हणण्यापेक्षा "क्लबचं टोक त्या बाभळीकडं जाऊ दे" म्हणावं. पवित्रा हवा तोच मिळतो, वाट वेगळी.

आणि लांबीचा हव्यास. २०२१मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली. नुकत्याच होऊन गेलेल्या कोविडनं तिची ताकद गेली होती, तिचे ड्राइव्ह मैदानातल्या बहुतेकींपेक्षा आखूड पडत होते. चार दिवस ती पदकाच्या शर्यतीत राहिली ती पटरच्या बळावर. त्याच ऑलिंपिकमध्ये पुण्याचा उदयन माने खेळला, आणि घराघरांत पहाटे उठून लोकांनी गोल्फ पाहिला. त्यानंतर आमच्याकडंही मुलं क्लब मागायला लागली आहेत. त्यांना मोठ्यांचा कापलेला जड क्लब देऊ नये. जड क्लब पेलायला मूल खांद्यांनी सुरुवात करतं, आणि तो उलटा क्रम पुढं वर्षानुवर्षं सुटत नाही.

मोबाइलच्या कॅमेऱ्यानं मोजमाप आता सगळ्यांच्या हातात आलं आहे. सेकंदाला २४० चौकटी ठेवल्या तर वर जायला साधारण १८० आणि खाली यायला ६० चौकटी दिसायला हव्यात. कॅमेरा हातांच्या उंचीवर आणि लक्ष्याच्या रेषेत ठेवावा. तो जरा बाजूला सरकला तरी वाट खोटी दिसते आणि नसलेला दोष सुधारायला माणूस निघतो. परवा गच्चीवर घेतलेल्या फितीत माझ्या चौकटी १४६ आणि ६२ निघाल्या. चौथ्या बोलापर्यंत मी थांबत नाही, तिसऱ्या बोलाच्या 'धिं'पाशीच हात खाली निघतात, आणि तेव्हा भार अजून उजव्या पायावरच असतो. उद्या सकाळी पाय जुळवून वीस, पाय टाकत वीस, आणि मग पुन्हा चित्रफीत.